‘सर्व हक्क स्वाधीन’ : व्रतराजाच्या दाव्यापासून ऑनलाइन बाजारातील तक्रारीपर्यंत



आपल्यापैकी ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळचे पुस्तकांचे कपाट अजून टिकून आहे, त्यांनी त्यातले एखादे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे मराठी पुस्तक उघडून पाहावे. पहिल्या पानावर ग्रंथाचे नाव, कर्त्याचे नाव, छापखाना, किंमत, आणि त्याखाली बारीक टायपात एक सूचना असते : पुस्तक १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे नोंदलेले आहे आणि सर्व हक्क मालकाने आपल्याकडे राखलेले आहेत. काही कर्ते एवढ्यावर थांबत नसत. प्रत्येक प्रतीवर ते स्वतःची सही किंवा शिक्का करीत, आणि तो नसलेली प्रत चोरीची समजावी असे वाचकालाच बजावून ठेवीत. आपण ही पाने उलटून पुढे जातो. पण पुस्तकाची चोरी झाली तर तक्रार कोणी, कोणाकडे आणि कशाच्या आधारावर करायची, या प्रश्नाचे त्या काळचे उत्तर त्या चार ओळींत आहे. आज तोच प्रश्न मोबाइलवरच्या बाजारात नव्याने उभा आहे, म्हणून आजचा विषय.

हिंदुस्थानात कॉपीराइटचा पहिला कायदा कंपनी सरकारच्या काळात, १८४७ साली झाला. त्या कायद्याखाली दावा लावायचा तर आधी सरकारदरबारी नोंद हवी असे. १८६७ चा कायदा मुळात वेगळ्या हेतूचा. छापखान्यांवर आणि छापल्या जाणाऱ्या मजकुरावर सरकारला नजर ठेवायची होती, आणि उठावाला दहाच वर्षे झाली होती हे विसरून चालणार नाही. या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात देणे भाग पडले आणि दर तिमाहीला पुस्तकांची सूची निघू लागली. त्या सूचीत ग्रंथाचे नाव, भाषा, विषय, पानांची संख्या, आकार, किती प्रती काढल्या, शिळाप्रेस की टाइप, किंमत, आणि कॉपीराइटच्या मालकाचे नाव व राहण्याचे ठिकाण, असे रकाने असत. मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास लिहिणाऱ्यांना या सूच्यांचे मोल वेगळे सांगायला नको. सरकारने नजर ठेवण्यासाठी केलेले दप्तर ग्रंथकारांनी आपल्या मालकीचा दाखला म्हणून वापरले, ही यातली गंमत.

एक गोष्ट मात्र आपल्यासारख्या संस्थानी मुलखातल्या मंडळींनी लक्षात ठेवावी. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा किंवा निजामाच्या राज्यात आपोआप लागू होत नसे, आणि गोव्यात तर १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांचे राज्य. मुंबई-पुण्यात छापलेले पुस्तक इकडे वाचले जाई, पण त्याच्या पहिल्या पानावरची धमकी सीमेपाशी येऊन पातळ होई.

आता एका दाव्याकडे वळू. तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. ‘व्रतराज’ हा व्रतांचा आणि पूजाविधींचा जुना संस्कृत ग्रंथ. त्याच्यावर कोणाची मालकी असण्याचा प्रश्नच नव्हता. १८८४ साली गंगाविष्णु श्रीकृष्णदास या प्रकाशकांनी त्याची नवी आवृत्ती काढली. शास्त्रीपंडित बसवून त्यांनी मजकुराची मांडणी बदलली, त्याच विषयावरच्या इतर जुन्या ग्रंथांतले उतारे जागोजागी घातले आणि तळटीपा जोडल्या. पुढच्याच वर्षी मोरेश्वर बापूजी हेगिष्टे यांची आवृत्ती बाजारात आली. मजकूर तोच, घातलेले उतारे तेच, तळटीपा त्याच आणि त्याच जागी. इकडेतिकडे थोडा फरक. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले. प्रतिवादीची बाजू काय असणार हे कोणालाही सुचेल : मूळ ग्रंथ सर्वांचा आहे, मग मी छापला तर बिघडले कुठे?

अपिलाच्या न्यायालयाने १८८९ साली दिलेला निकाल आजही आपल्या न्यायालयांत आधाराला घेतला जातो. जुन्या मजकुराची अशी नवी रचना हे स्वतंत्र काम ठरते आणि त्याला संरक्षण आहे, हे न्यायालयाने मान्य केले. ‘व्रतराज’ दुसऱ्या कोणी छापू नये असे मात्र न्यायालय म्हणाले नाही. हेगिष्ट्यांनी मूळ पोथ्यांकडे जाऊन, आपले पंडित बसवून आवृत्ती काढली असती तर त्यांना कोणी अडवले नसते. ते मूळ साधनांकडे गेले नाहीत, वादीच्या छापील पुस्तकावरून उतरवून घेतले, म्हणून मनाई हुकूम झाला. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून, टीप टीपेला लावून बघितल्याशिवाय असा निकाल देता येत नाही. ही बघण्याची मेहनत कोणी करायची, हा मुद्दा ध्यानात असू द्या. पुढे त्याच्याशीच काम आहे.

मधली वर्षे मी झपाट्याने ओलांडतो. १९१४ च्या कायद्याने नोंदणीची अट गेली आणि हक्काची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे झाली. त्या कायद्यात भाषांतराचा एकट्याचा हक्क मात्र पुस्तक निघाल्यापासून दहाच वर्षे ठेवला होता. त्या पिढीच्या भाषांतरकारांना ही सवलत किती सोयीची पडली असेल, याचा कोणीतरी नीट शोध घ्यायला हवा. स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यातही पन्नास वर्षेच होती. मग रवींद्रनाथांचे प्रकरण उद्भवले. ते १९४१ साली गेले, म्हणजे १९९१ च्या अखेरीस त्यांचे साहित्य खुले होणार. ते होऊ नये म्हणून वर्ष संपायला तीन-चार दिवस उरले असताना वटहुकूम निघाला, आणि १९९२ च्या दुरुस्तीने मुदत साठ वर्षांची केली. ही गोष्ट बंगाल्यांची म्हणून सांगितली जाते. पण आपल्या ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे हेही १९४१ सालीच गेले. त्यांच्या कवितांचा हक्कही त्याच वटहुकुमाने दहा वर्षे वाढून २००१ च्या अखेरीपर्यंत गेला. शांतिनिकेतनासाठी केलेल्या धावपळीचा लाभ लष्करातल्या एका मराठी कवीलाही मिळाला, याची नोंद आपल्याकडे फारशी कोणी घेतलेली दिसत नाही.

आता समुद्रापलीकडे जाऊ, कारण ऑनलाइन बाजारातल्या तक्रारीची रीत अमेरिकेत घडली आणि आपण ती बरीचशी तिथून उचलली.

१९९० नंतर तिथे संगणकावरचे सूचनाफलक चालू झाले आणि लोक त्यांवर दुसऱ्यांची चित्रे, मजकूर चढवू लागले. दोष कोणाचा, चढवणाऱ्याचा की फलक चालवणाऱ्याचा? १९९३ मध्ये एका न्यायालयाने फलकवाल्याला जबाबदार धरले. त्याला ठाऊक नसले तरी. १९९५ मध्ये दुसऱ्या न्यायालयाने, नेटकॉम या कंपनीच्या प्रकरणात, वेगळा विचार केला : यंत्र आपोआप नकला करते म्हणून चालवणारा थेट चोर ठरत नाही, पण त्याला कळवल्यावरही तो हातावर हात ठेवून बसला तर त्याचा वाटा धरता येईल. याच कल्पनेवर २८ ऑक्टोबर १९९८ रोजी डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट हा कायदा झाला. त्याच्या ५१२ व्या कलमात एक सौदा आहे. तक्रार आल्यावर तुम्ही मजकूर चटकन काढा, आम्ही तुमच्यावर नुकसानभरपाई लादणार नाही. तक्रारीत मात्र कोणत्या कृतीचा हक्क, कोणता मजकूर चोरीचा, तो नेमका कुठे आहे, तक्रारदाराचा पत्ता, त्याची सही आणि त्याची सद्भावनेची ग्वाही असलीच पाहिजे. १८६७ च्या सूचीतले रकाने आठवतात की नाही?

ज्याचा माल काढला गेला त्याच्यासाठी उलट नोटिशीची सोय ठेवली. काढलेला माल चुकीने काढला गेला, असे त्याने शपथेवर सांगायचे आणि न्यायालयाचा अधिकार मान्य करायचा. मग तक्रारदाराने दावा लावला नाही, तर दहा ते चौदा कामकाजी दिवसांत माल पुन्हा चढवायचा. बारकाईने पाहिले तर तराजू सरळ नाही. विक्रेत्याला चुकीबद्दलच शपथ घ्यावी लागते. तक्रारदाराची शपथ फक्त एवढ्याचीच, की मालकाच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार आहे. चोरी झालीच आहे, हे त्याला शपथेवर सांगावे लागत नाही.

हा कायदा बाजाराला कसा लागू होतो, याची पहिली कसोटी ईबेवर लागली. रॉबर्ट हेंड्रिक्सन नावाच्या गृहस्थांचा ‘मॅन्सन’ हा १९७२ चा माहितीपट. त्याच्या डीव्हीडी ईबेवर लिलावाला लागलेल्या त्यांनी पाहिल्या. त्यांनी २००० च्या अखेरीस कंपनीला पत्र लिहून विक्री थांबवायला सांगितले. कंपनीने उलट विचारले : कोणत्या लिलावातल्या प्रती? आणि आमच्या ‘व्हेरो’ या हक्कधारकांच्या व्यवस्थेत या, तिथला अर्ज भरा. हेंड्रिक्सन यांनी अर्ज भरला नाही, दावा लावला. २००१ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने तो फेटाळला. तक्रारीत शपथेचे वाक्य नव्हते, कोणते लिलाव चोरीच्या मालाचे हे पुरेसे सांगितलेले नव्हते. माल कंपनीच्या हातातून जातच नाही, विकणारा आणि घेणारा परस्पर व्यवहार करतात, म्हणून ती त्या व्यवहारावर ताबा ठेवते असेही म्हणता येत नाही, असे न्यायालयाने धरले.

मला हेंड्रिक्सन यांच्याबद्दल सहानुभूती वाटते. आपला चित्रपट आपण कधी डीव्हीडीवर काढलाच नाही, मग बाजारातली प्रत्येक डीव्हीडी चोरीचीच, हे त्यांचे म्हणणे होते आणि ते साधे होते. पण तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली. बाजार चालवणाऱ्याने शोध घ्यायचा नाही. मालकाने पान पान दाखवून द्यायचे.

दुसरी बाजू टिमथी व्हर्नर यांची. ते ईबेवर जुन्या वस्तू विकून पोट भरणारे. २००५ साली त्यांना कोणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत ऑटोकॅड या संगणकप्रणालीची अस्सल जुनी प्रत मिळाली. ती त्यांनी ईबेवर लावली. ऑटोडेस्क कंपनीने तक्रार केली, लिलाव बंद पडला. व्हर्नर यांनी उलट नोटीस दिली; कंपनीने उत्तर दिले नाही; लिलाव पुन्हा लागला आणि प्रत विकली गेली. २००७ मध्ये एका वास्तुरचनाकारांच्या कार्यालयातून त्यांनी आणखी चार प्रती घेतल्या. तीन वेळा हाच खेळ झाला. चौथ्या वेळी कंपनीने उत्तर दिले, आणि वारंवार तक्रारी येतात म्हणून ईबेने व्हर्नर यांचे खातेच थांबवले. प्रत्येक तक्रारीला त्यांनी आतापर्यंत यशस्वी उत्तर दिले होते, तरी तक्रारींची बेरीज त्यांच्या विरुद्ध धरली गेली. ते न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने त्यांची बाजू घेतली. २०१० मध्ये अपिलात ती उलटली. कंपनी प्रत विकत नाही, फक्त वापरण्याचा परवाना देते, म्हणून पहिला घेणारा तिचा मालक नव्हता आणि व्हर्नरही नाहीत, असा तो निकाल.

इथे थोडे विषयांतर करतो. हे छापील पुस्तकाला लागू नाही, याबद्दल आपण निश्चिंत असावे. आपल्या १९५७ च्या कायद्याच्या १४ व्या कलमात प्रती लोकांत आणण्याचा हक्क मालकाला दिला आहे, पण आधीच चलनात असलेल्या प्रती त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. आजोबांचे जुने पुस्तक रद्दीवाल्याला द्या, मित्राला द्या किंवा ऑनलाइन विका. अस्सल प्रत असेल तर प्रकाशकाला हरकत घेता येत नाही. तरी जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांवर तक्रारी होतात. कारण सोपे आहे : जुनी प्रत स्वस्त मिळाली की नवीची विक्री घटते, आणि तक्रारीचा अर्ज फुकट असतो.

आपल्याकडचा कायदा दोन दारांनी आला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. २००४ च्या नोव्हेंबरात बाझी डॉट कॉम या लिलावाच्या संकेतस्थळावर एका विक्रेत्याने अश्लील चित्रफीत विकायला लावली आणि पुढे अटक झाली ती संस्थेच्या प्रमुखालाही. त्याचा धसका उद्योगाने घेतला. २००८ च्या दुरुस्तीने ७९ वे कलम रुंद झाले आणि मध्यस्थाला संरक्षण मिळाले. पण ८१ व्या कलमात असेही लिहिले गेले की कॉपीराइटच्या हक्कांना या कायद्याने बाधा येणार नाही. म्हणजे एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने आवळले. हा गुंता दिल्ली हायकोर्टाने २०१६ च्या डिसेंबरात, मायस्पेस आणि सुपर कॅसेट्स यांच्या प्रकरणात बराचसा सोडवला. दोन्ही कलमे एकत्र वाचायची. मोघम कल्पना असणे म्हणजे ठाऊक असणे नव्हे. मालकाने नेमकी कृती दाखवून कळवले की मात्र ते ठाऊक झाले, आणि त्यासाठी न्यायालयाचा हुकूम लागत नाही.

दुसरे दार कॉपीराइट कायद्याच्याच २०१२ च्या दुरुस्तीचे, आणि २०१३ च्या नियमांतल्या ७५ व्या नियमाचे. लेखी तक्रार आल्यावर छत्तीस तासांत मजकूर बंद करायचा. तक्रारदाराने आपण एकवीस दिवसांत सक्षम न्यायालयात दावा लावून हुकूम आणू, असे लिहून द्यायचे. हुकूम आला नाही तर मजकूर पुन्हा उघडता येतो, आणि त्याच तक्रारदाराच्या त्याच कृतीविषयीच्या पुढच्या तक्रारीकडे लक्ष देण्याचे बंधन मध्यस्थावर राहत नाही. मला ही रचना अमेरिकन रचनेहून न्याय्य वाटते, कारण इथे तक्रारदारालाच न्यायालयाची पायरी चढावी लागते. पण तिची दोन दुखणी आहेत. एक, या कलमाचे शब्द संगणकातल्या तात्पुरत्या, आनुषंगिक साठवणीविषयी आहेत. विक्रीला लावलेल्या छापील पुस्तकाची जाहिरात त्यात कितपत बसते, यावर वकील वाद घालू शकतात. दोन, एकवीस दिवसांत हुकूम आणणे मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीला जमते. एखाद्या दिवंगत कवीच्या पंचाहत्तर वर्षांच्या मुलीला जमत नाही. म्हणून प्रत्यक्षात बहुतेक तक्रारी बाजाराने स्वतःच केलेल्या अर्जावर आणि त्याच्याच नियमांनी निकालात निघतात.

आता आपल्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. साने गुरुजी १९५० साली गेले. साठ वर्षे पुढच्या जानेवारीपासून मोजतात, म्हणून २०१० च्या अखेरीस त्यांच्या लेखनाचा हक्क संपला. ‘श्यामची आई’ आता कोणीही छापू शकतो. ऑनलाइन बाजारात एकाच नावाच्या दोन आवृत्त्या दिसल्या म्हणून एक खरी आणि दुसरी चोरीची असे होत नाही. एखाद्या जुन्या प्रकाशकाने नव्याविरुद्ध तक्रार केली तर विक्रेत्याने गुरुजींच्या मृत्यूचे साल दाखवावे; तेवढे पुरे. पण समजा, एखाद्या संपादकाने विद्यार्थ्यांसाठी टिपा लिहिल्या, प्रस्तावना जोडली, चित्रकाराकडून चित्रे काढून घेतली, आणि दुसऱ्याने ती आवृत्ती जशीच्या तशी स्कॅन करून विकायला लावली. तर आपण थेट १८८९ च्या व्रतराजापाशी येऊन पोहोचतो. मूळ सर्वांचे, टीप एकाची.

अशी तक्रार करणाऱ्याने काय करावे? सर्वांत आधी ती प्रत विकत घ्यावी. बाजाराच्या एकाच पानावर अनेक विक्रेते असतात; चित्र खऱ्या आवृत्तीचे असते आणि घरी येते ते झेरॉक्ससारख्या छपाईचे, पाने सुटणारे पुस्तक. विकत घेतल्याची पावती, विक्रेत्याचे नाव, पानाचा पत्ता, आयएसबीएन क्रमांक आणि दोन्ही पुस्तकांच्या त्याच पानांची छायाचित्रे, एवढे जोडावे. तक्रारीत गुरुजींचा उल्लेख कमी आणि आपल्या टिपांचा जास्त करावा. ‘माझे पुस्तक चोरले’ एवढेच लिहिणाऱ्याचे हेंड्रिक्सन होते.

आणि ज्याच्यावर तक्रार आली त्याने? घाबरून माल काढून टाकू नये, आणि गप्पही बसू नये. गप्प बसण्याचा अर्थ बाजार कबुली असाच लावतो. प्रत कुठून घेतली त्याचे बिल, कर्त्याचे मृत्युवर्ष किंवा प्रकाशकाची परवानगी, यांतले जे असेल ते पाठवावे. तक्रारदाराने दावा कधी लावला, हे लेखी विचारावे. कॉपीराइट कायद्याच्या ६० व्या कलमाने, बिनबुडाची कायदेशीर धमकी मिळालेल्या माणसाला उलट दावा लावून ती धमकी निराधार ठरवून घेता येते आणि झालेले नुकसान मागता येते. हे कलम फार थोड्यांना ठाऊक आहे.

२०२० च्या जुलैत ग्राहक संरक्षण कायद्याखाली ई-कॉमर्सचे नियम आले. प्रत्येक बाजाराला तक्रार अधिकारी नेमावा लागतो; त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच आणि महिनाभरात निकाल द्यायचा. त्याच नियमांत, कॉपीराइटखाली ज्यांचा माल वारंवार काढला गेला अशा विक्रेत्यांची नोंद ठेवायला सांगितले आहे; पण अशा विक्रेत्याचे खाते बंद केलेच पाहिजे, असे बंधन घातलेले नाही. व्हर्नर यांच्यासारख्यांना याचा आधार आहे, आणि सराईत चोरालाही.

शेवटी खर्चाचे. व्रतराजाच्या वेळी वाद मुंबईत जाऊन लढावा लागला. १९५७ च्या कायद्याचे ६२ वे कलम हक्कधारकाला तो स्वतः जिथे राहतो किंवा धंदा करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू देते. चोरटी प्रत दिल्लीत छापलेली असो, बाजाराचे कार्यालय बंगळुरूला असो. आपल्या एखाद्या वृद्ध लेखकाच्या वारसाला ग्वाल्हेरच्या किंवा बेळगावच्या न्यायालयात अर्ज करता येतो. तिथे न्यायाधीशासमोर दोन्ही पुस्तके शेजारी ठेवता येतात.